ठोक्यांची वही

६ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे. सामान उतरवून झालं, चहा झाला, आणि आता ही वही. नव्या घरातली पहिली नोंद त्याच दिवशी व्हायला हवी, शिळी नको.

घर मिळालंय, आणि घर म्हणजे खरोखर घर. तीन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, प्रत्येक खोलीला खिडकी. संशोधन केंद्राच्या आवारातलं हे जोडघर समुद्राकडे पाठ करून उभं आहे. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, मधे भिंत. पलीकडचं अर्धं लहान आहे आणि त्याला गंजलेलं कुलूप आहे. मोठं अर्धं आमचं. वाटणीत मोठा तुकडा माझ्या ताटात पडण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

बाबांनी जन्मभर सुतारकाम केलं. लोकांच्या घरांना दारं बसवली आणि आम्हाला पाठीवर बिऱ्हाड घेऊन नऊ घरं फिरवली. आई गेली ती सातव्या घरात. त्यामुळे नवं घर दिसलं की ते आधी संशय घेतात, मग चपला काढतात. आजही तसंच. बोटांच्या पेरांनी प्रत्येक भिंत ठोकत गेले, कान लावला, आणि शेवटच्या खोलीत येऊन म्हणाले की ही मधली भिंत पोकळ आहे, कंत्राटदाराने पैसे खाल्ले. मी म्हटलं, पोकळ का होईना, आपल्याला तिच्यावर नाचायचं नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा दहा वर्षांचा झालो.

तीच खोली त्यांनी स्वतःसाठी घेतली. तिथे त्यांचं कामाचं बाक बसतंय.

७ नोव्हेंबर, मंगळवार

कामाचा पहिला दिवस. आमच्या प्रमुखांना सगळे नुसतं बाई म्हणतात. बाई कमी बोलतात आणि बोलल्या की वाक्य मोजून मापून. त्यांचा एकच नियम: आधी मोजा, मग मत द्या. माझ्यासारख्या मोजण्याच्या वेड्याला हे म्हणजे आंधळा मागतो एक डोळा.

आमचे प्राणी म्हणजे शंखात राहणारे खेकडे. यांचं पोट मऊ, उघडं. म्हणून ते रिकाम्या शंखात शिरून राहतात. अंग वाढलं की शंख तोकडा पडतो आणि मग दुसऱ्याच्या घरावर डोळा. आम्ही एका टाकीत दोघांना सोडतो, एक तोकड्या शंखातला, एक ऐसपैस शंखातला. ऐसपैसवाल्याला आमच्याकडे मालक म्हणतात आणि हल्ला करणाऱ्याला पाहुणा. ही नावं टाक्या सांभाळणाऱ्या मामांनी पाडली आणि आता बाईंच्या तक्त्यातही तीच आहेत.

पाहुणा मालकाचा शंख दोन्ही नांग्यांनी धरतो आणि आपला शंख त्यावर आपटतो. ठक ठक ठक. पाच-दहा ठोके झाले की थांबतो. ही एक फेरी. मग पुढची. मालक आत दडून पाय घट्ट रोवून बसतो. आत बसलेल्याला बाहेरचं काही दिसत नाही, त्याला कळतात ते फक्त ठोके. ठोके वाढत गेले आणि मधली विश्रांती आखूड झाली, तर पाहुणा दमदार. ठोके कमी होऊन विश्रांती लांबली, तर पाहुणा दमला, मालक वाचला. आणि गंमत ही, की मालकाला कोणी ओढून काढत नाही. जोराने ओढलं तर तो मधे तुटेल पण सुटायचा नाही. ठोके ऐकून तो आपणच ठरवतो आणि आपणच पकड सोडतो.

आज सहा झुंजी पाहिल्या. चौथीत मालकाने हार मानली. पाहुण्याने त्याला उघडं बाहेर काढलं, एक नांगी मुळापासून उपटली आणि शंखात शिरला. मालक तुटक्या अंगाने तिथेच त्या शंखाभोवती फिरत राहिला. मी तक्त्यात वेळ लिहिली. अक्षर चांगलं आलं म्हणून बाईंनी मान हलवली.

९ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांनी भिंतीला फळी ठोकायला घेतली आणि माझं बालपण परत आलं. काम करताना खिळे ओठांत धरायची त्यांची जुनी सवय. तोंडात खिळे असले की त्यांच्याशी बोलणं म्हणजे मुक्याशी गप्पा. म्हणून त्यांनी खूण ठरवली होती: लाकडावर तीन ठोके म्हणजे इकडे ये. हातोडी हवी, फळी धरायची, काहीही असो, तीन ठोके ऐकले की मी खेळ टाकून धावायचो. उशीर झाला तर खिळे काढल्यावर बोलणी बसायची, आणि ती खिळ्यांपेक्षा टोकदार असायची. मला तेव्हा त्यांनी एक लहान हातोडी करून दिली होती. ती अजून त्यांच्या पेटीत आहे.

आज तीन ठोके पडले आणि मी, वय वर्षं चौतीस, लेखणी टाकून धावलो. बाबा खिळ्यांतूनच हसले.

त्यांच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर आठ ओरखडे सापडले, खोल, वरून खाली. आधीच्यांनी कुत्रा पाळला असेल असं मी म्हटलं. एवढा उंच कुत्रा कुठला, असं म्हणत बाबांनी त्यात लांबी भरली आणि घासून सपाट केलं.

१२ नोव्हेंबर, रविवार

दुपारी तीन वाजता, लख्ख उन्हात, मधल्या भिंतीतून ठोके आले. सहा. मग थांबले. मग सात.

मला हसू आलं. आठवडाभर खेकड्यांचे ठोके मोजून कानांना सवय लागली होती. नळात हवा अडकली असणार. बाबांना ऐकू कमी येतं, पण त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाले की नळ असा आवाज करत नाही, ही पेरं आहेत.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांना प्रयोगशाळा दाखवायला नेलं. नेमका झटक्यांचा दिवस होता. शंखाला बारीक भोक पाडून दोन तारा आत सोडतात आणि खेकड्याच्या पोटाला विजेचा हलका झटका देतात. शंख वाईट असेल तर खेकडा पहिल्या-दुसऱ्या झटक्यालाच बाहेर पडतो. शंख चांगला असेल तर सोसतो, बराच वेळ सोसतो. म्हणजे हे नुसतं अंग आकसणं नाही, तो हिशेब करतो, घर किती चांगलं आणि दुखणं किती मोठं. बाईंचा आयुष्यभराचा अभ्यास हाच, की याला वेदना म्हणायचं का.

एक खेकडा नऊ झटके सोसून बाहेर आला आणि उघड्यावर बसून जिथे तार लागली होती तिथे पायांनी चोळत राहिला. मी बाबांना सगळा वाद समजावला, दोन्ही बाजू. ते त्या खेकड्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "दुखत नसतं तर घर कशाला सोडलं असतं?" बाईंनी ते ऐकलं आणि बऱ्याच वेळाने हसल्या.

परत येताना मामांनी मला एकट्याला बाजूला घेऊन आमच्या घरातल्या आधीच्या साहेबांची गोष्ट सांगितली. अकरा वर्षं त्या घरात. झटका किती दुखतो हे कळावं म्हणून त्याने आधी स्वतःच्या बोटांना तारा लावल्या. मग सवय जडली. मग वीज वाढवत गेला, आणि एका सकाळी ऐंशी खेकडे टाकीत शिजून पडलेले. बाईंनी काढून टाकलं. पण तो घर सोडेना. दाराची चौकट धरून बसला. चार वॉचमननी मिळून ओढला तेव्हा सुटला, आणि नखं चौकटीतच राहिली. आता कुठे आहे, तर म्हणे गावी गेला.

आठ ओरखडे. बाबांना सांगितलं नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार

ठोके आता रोज येतात, नेहमी दुपारी. मी मोजतो. मंगळवारी दोन फेऱ्या होत्या, गुरुवारी पाच, आज नऊ. विश्रांती आखूड होते आहे. हे वाचणाऱ्याला मी वेडा वाटेन, पण हा नळ नाही.

बाबांनी कपाट सरकवलं. मागे कमरेच्या उंचीवर एक फळी, चार स्क्रूंनी बसवलेली. उघडली तर दोन घरांच्या मधे नळांसाठी सोडलेली पोकळी, माणूस आडवा शिरेल एवढी. दोन पावलं आत आणि पलीकडच्या अंगालाही तशीच फळी. दमट वास. मी डावा हात आत घालून चाचपत होतो.

कोणीतरी बोटं पकडली. हाताने नाही, पकडीने. लोखंडी पकड, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकत्र. आधी नुसती धरली, मग सावकाश आवळली, प्रयोगशाळेत रिकामे शंख फोडायच्या शिकंज्यात शंख आवळतात तशी. हाड मोडल्याचं मी ऐकलं. मी किंचाळलो, बाबांनी मला कमरेला धरून ओढलं आणि मी बाहेर आलो. करंगळीचं नख आलं नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

दोन हाडं मोडली, सात टाके. उजवा हात शाबूत म्हणून लिहितो आहे.

वॉचमनने पलीकडचं कुलूप फोडून बघितलं. धूळ, कोळीष्टकं, कोणी नाही. बाई म्हणाल्या की माझा हात फळीत चेमटला असेल. पुढच्या महिन्यात वरिष्ठ तपासणीला येणार, त्यांना बोभाटा नको आहे हे उघड दिसत होतं. तरी दुसरी जागा द्यायला तयार आहेत: वसतिगृहातली एक खोली, खिडकी एक, बाकाला जागा नाही.

बाबा म्हणाले चल. तेवढंच. नऊ घरं त्यांनी सोडली, दहावं सोडायला त्यांना काही वाटत नव्हतं. मीच अडून बसलो. तुमचं बाक कुठे ठेवणार म्हटलं. म्हातारपणी एका खोलीत माझ्या पलंगाखाली झोपणार का म्हटलं. दोन बोटांपायी तीन खोल्या सोडायच्या का म्हटलं. ते उठून फळीपाशी गेले, तिची जाडी बोटाने मापली. मग म्हणाले की ती फळी तरी मी कायमची ठोकून टाकीन, लांब खिळे आणतो.

रात्री नव्हे, आत्ता दुपारी हे लिहिताना लक्षात आलं. शंख चांगला असेल तर खेकडा जास्त सोसतो. मी माझंच निरीक्षण तक्त्यात भरू शकलो असतो.

२२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मामा प्रयोगशाळेच्या दारात बसलेले, आत जायला तयार नाहीत.

चौदा खेकडे, सगळे मालक, महिनाभर जिंकलेले. कोणीतरी एकेकाला पायांना धरून ओढलं होतं. पकड एकानेही सोडली नव्हती. पुढचे अर्धे मेजावर ओळीने मांडलेले, मागचे अर्धे शंखातच. शेवटचा शंख शिकंज्यात होता, आवळून चुरा झालेला. काही पाय अजून हलत होते. दार फोडलेलं नव्हतं. किल्ली होती त्याच्याकडे.

मामा रडले. म्हणाले, हे साहेबांचंच काम, गावी वगैरे कोणी गेलेलं नाही. बाईंनी कुलूप बदललं आणि पोलिसांना कळवायचं सोमवारी ठरवू म्हणाल्या.

मी सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. का केलं?

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज अकरा फेऱ्या. बाबांच्या बाकावरची हत्यारं थरथरत होती. बाबा भिंतीशी जाऊन मोठ्याने म्हणाले की बाबा रे, तुला काय हवंय ते दारातून येऊन सांग. ठोके थांबले. आज तरी.

उद्या ते खिळे आणणार.

२५ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी ४.३५

काम आटपून घरी आलो. बाबा घरात नाहीत, खिळे आणायला गेलेले दिसतात. दुकान लांब आहे.

कपाट सरकवलेलं. फळी काढलेली. भोक उघडं.

तो आत आला होता. बाबा घरी नव्हते हे नशीब. हाका मारल्या, उत्तर नाही. आत अंधार. पुन्हा हात घालायची हिंमत नाही.

४.४१. फळी परत लावली, चारही स्क्रू आवळले. कपाट खांद्याने ढकलून लावलं, खाली पाचर मारली. बोटांतून रक्त येतंय. वॉचमनला फोन केला, पलीकडच्या फाटकावर आहे, बदली आली की येतो म्हणाला.

४.४४. सुरू झाला. मोजतो. मोजलं की हात स्थिर राहतो.

पहिली फेरी: नऊ, जोरात. विश्रांती आठ सेकंद.

दुसरी: नऊ. दहा सेकंद. मधे घासल्यासारखा आवाज.

तिसरी: सात. पंधरा सेकंद.

चौथी: पाच. अर्धा मिनिट.

विश्रांती लांबते आहे. लांबते आहे.

पाचवी: तीन. वीस सेकंद.

सहावी: तीन.

सातवी: तीन. एक मिनिट.

आठवी: तीन, हलके.

नववी: तीन. दोन मिनिटं.

दहावी: दोन.

४.५६. चार मिनिटं काही नाही. पाहुणा दमला. नियमाप्रमाणे मालक टिकला. आपण टिकलो, बाबा येतील तेव्हा चहा टाकायला हवा—

२७ नोव्हेंबर

बाबांच्या चपला दारातच होत्या. मी त्यांच्यावरून पाय टाकून आत आलो होतो.

२८ नोव्हेंबर

लिहायला हवं. आधी मोजा.

वॉचमन ५.१२ ला आला. कपाट त्याने सरकवलं. फळी मी काढली.

बाबा पोकळीत गुडघ्यांवर होते, डोकं फळीला टेकलेलं. पलीकडची फळी आतून ठोकून बंद करायला शिरले होते, सवयीप्रमाणे ओठांत खिळे. पलीकडून त्याने फळी उघडली आणि त्यांचीच हातोडी हिसकून मारली. एक घाव डोक्यावर, एक तोंडावर. जबडा मोडला. खिळे आत गेले. एक गालातून बाहेर आला होता, बाकीचे घशात. म्हणून ओरडले नाहीत. उजव्या हाताची पेरं हाडापर्यंत सोललेली.

डॉक्टर म्हणाले डोक्याचा घाव जिवावरचा नव्हता. घसा रक्ताने भरला. अर्धा तास आधी बाहेर काढलं असतं तर. त्यांनी विचारलं, शुद्ध किती वेळ असेल काही सांगता येईल का. मी म्हटलं, हो. आठ मिनिटं. माझ्याकडे वेळ लिहिलेली आहे.

तीन. तीन. तीन. तीन. तीन.

पाच वेळा बोलावलं त्यांनी. आकडा लिहिला मी. ऐकलं नाही.

२९ नोव्हेंबर

तो सापडला नाही. पलीकडे न्हाणीघराच्या मागच्या खिडकीतून ये-जा होती. वर माळ्यावर सतरंजी, पाण्याची बाटली, एक वही. पोलिसांनी ती मला दाखवली, म्हणाले यात तुमच्या कामाचे शब्द आहेत, अर्थ सांगा. अक्षर सुंदर आहे. तक्ते आखलेले, बाईंच्या पद्धतीचे.

मालक: दोन. म्हातारा ऐकतो. मुलगा फक्त मोजतो.

मुलाला झटका दिला, दोन बोटं. घर सोडलं नाही. अपेक्षेप्रमाणे.

तीन ठोके म्हणजे 'ये'. म्हातारा ठोकतो, मुलगा धावतो. सहा वेळा तपासलं.

आणि शेवटची ओळ, शनिवारची. ४.४१, मुलाने फळी त्याच्या बाजूने लावली. मला पुढे काही करावं लागलं नाही.

पोलिसांना मी सगळ्या शब्दांचे अर्थ सांगितले. त्या ओळीचाही.

१ डिसेंबर

बाई आल्या होत्या. पहिल्यांदाच खुर्चीवर नीट टेकून बसल्या नाहीत. म्हणाल्या की चूक त्यांची, त्या रविवारीच घर रिकामं करायला हवं होतं. वसतिगृहातली खोली झाडून ठेवली आहे. मामा सामान बांधायला दोर घेऊन आले. दाराबाहेर पोलीस बसला आहे, उद्यापर्यंत.

मी मामांना परत पाठवलं. बाबांची फळी इथे आहे. बाक इथे आहे, त्यावरचा भुसा मी झाडलेला नाही. घर चांगलं आहे.

झोप नाही. दुखतं. बोटं नाही.

२ डिसेंबर

पोलीस गेला.

कपाट मीच बाजूला केलं. फळी दिसत राहायला हवी. बाबांची पेटी जवळ ओढून घेतली. लहान हातोडी आहे. मूठ अजून गुळगुळीत—

दिवसभर शांत.

३ डिसेंबर, रविवार

दुपारचे तीन. ऊन थेट फळीवर.

तीन.

बाबा गेले हे मला ठाऊक आहे. हे ठोके कोणाचे आहेत तेही ठाऊक आहे, त्याच्या वहीत लिहिलंय, सहा वेळा तपासलं—

तीन.

पण त्या शनिवारीही मला सगळं ठाऊकच होतं.

तीन. विश्रांती वीस सेकंद. नाही. नाही, मोजायचं नाही. ऐकायचं.

तीन.

पेचकस घेतला. एक स्क्रू निघाला. दुसरा. कोणी ओढत नाहीये मला. पकड आपली आपणच—

तिसरा.

तीन, हलके. तसेच हलके.

आलो, बाबा. उशीर झाला, रागावू नका. हातोडी घेऊन आलोय, फळी धरतो, तुम्ही फक्त—